आवडलं कुणाला, ते नावानिशी लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या पत्रांच्या पानावर पेडण्याच्या एका तरुण कवीचं पत्र आलं होतं. ऑनलाइन मराठी अंक निघतात, त्यात वर्षाच्या शेवटी 'संपादकांची निवड' म्हणून दहा-बारा कविता-कथांची यादी लागते, ती निवडतं कोण, कशावरून निवडतात, आणि फिरून फिरून ओळखीपाळखीचीच नावं कशी येतात, असं त्याने विचारलं होतं. ते पत्र दिवसभर माझ्या डोक्यातनं गेलं नाही, कारण मी स्वतः अशाच एका छोट्या ऑनलाइन अंकासाठी चार वर्षं वाचनाचं काम करतेय. त्याचा प्रश्न अगदी बरोबर आहे आणि त्याचं उत्तर कुणीतरी आतल्या माणसाने द्यायला पाहिजे म्हणून लिहायला बसले. अंकाचं नाव मुद्दाम देत नाही. जाहिरात करायची नाहीय, आणि बाकीच्या चौघांना न विचारता त्यांना पेपरात ओढणंही बरं नाही. पण सांगतेय ते सगळं स्वतः केलेलं आणि बघितलेलं आहे.

आम्ही पाच जण आहोत. मी फोंड्याची, हायस्कूलात मराठी शिकवते, एक जण डिचोलीचे, सावंतवाडीचे एक रिटायर झालेले शिक्षक, बेळगावच्या एक ताई आणि पुण्याचे एक सर. पगारबिगार कुणालाच नाही, ज्याने त्याने आपली नोकरी-घर सांभाळून रात्री वाचायचं. साहित्य मेलवर येतं. कुणी युनिकोडमधे नीट टाइप करून पाठवतं, कुणी श्रीलिपीतली फाइल पाठवतं जी आमच्याकडे उघडली की नुसती चिन्हं दिसतात, कुणी वहीच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढतं आणि त्यात शेवटची अर्धी ओळ अंगठ्याखाली गेलेली असते. सावंतवाडीचीच एक कॉलेजातली मुलगी हे सगळं एकसारखं करते, नावं काढते, प्रत्येकाला नंबर देते आणि मग शीट आमच्याकडे येते. तिला नावं माहीत असतात म्हणून ती मत देत नाही. पहिल्या वाचनाला तीन खाने, घ्यावं, थांबावं, नको. तिघांनी नको म्हटलं की ते बाजूला. सगळ्यात मोठा ढीग 'थांबावं'चाच होतो आणि खरं काम तिथंच असतं, कारण जे पटकन आवडतं ते पुष्कळदा आधी कुठंतरी वाचल्यासारखं असतं म्हणूनच पटकन आवडलेलं असतं. हे मला दुसऱ्या वर्षी कळलं, पहिलं वर्ष मी भराभर 'घ्यावं' लिहीत गेले.

हे झालं अंकाचं. पण त्या कवीचा प्रश्न वर्षाच्या यादीबद्दल आहे आणि तिथली गोष्ट वेगळी आहे. वर्षाचे चार अंक निघून गेलेले असतात, सगळं नावानिशी प्रसिद्ध झालेलं असतं, त्यामुळे डिसेंबरात यादी करायला बसलो की नंबर वगैरे काही उरत नाही, कवितेवर कवीचं नाव ढळढळीत दिसत असतं. म्हणजे जिथं सगळ्यात जास्त काळजी घ्यायला पाहिजे तिथंच झाकण उघडं. त्याला जो संशय आला तो उगाच नाही आला.

आणि माझंच सांगते. दुसऱ्या वर्षी माझ्यासोबत एकाच स्टाफरूममधे बसणाऱ्या बाईंची कथा यादीच्या वाचनात होती. कथा चांगली होती, आजही म्हणेन चांगली होती, पण मी दहातले नऊ दिले आणि या माझ्या सहकारी आहेत हे मी मीटिंगमधे सांगितलं नाही. कुणी विचारलं नाही म्हणून मीही गप्प राहिले. कथा यादीत लागली. बाईंनी स्टाफरूममधे पेढे वाटले तेव्हा तो पेढा हातात घेऊन मी बराच वेळ तशीच उभी होते. त्यांची काहीच चूक नव्हती, मी बोलायला हवं होतं. गोवा केवढासा, इथं लिहिणारा प्रत्येक जण कुणाचा तरी मास्तर, कुणाचा तरी मावसभाऊ किंवा संमेलनाच्या बसमधे शेजारी बसलेला असतो. ओळख असणं हा काही गुन्हा नाही पण ती तोंडाने सांगून त्या एका कथेपुरतं बाजूला बसणं एवढं तरी जमलं पाहिजे. तेव्हापासून मी सांगते आणि आता बाकीचेही सांगतात.

पण ओळखीपेक्षाही एक मोठी अडचण आहे, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून हे पत्र लांबवतेय.

आम्ही मार्क देतो. प्रत्येकाने दहापैकी मार्क द्यायचे, पाचांची बेरीज करायची आणि वरची दहा-बारा घ्यायची. ऐकायला एकदम न्याय्य वाटतं ना, मलाही वाटायचं. मग मागच्या वर्षी एक कविता आली, शिरोड्याच्या बाजूच्या एका मुलीची. नाव कुणी ऐकलेलं नाही, पहिल्यांदाच पाठवलेली. त्या कवितेत एक मुलगी वास्कोला फ्लॅटमधे राहते आणि रोज रात्री तिला जाग येते, रोज थोडी उशिरा, आज बाराला तर उद्या पाऊण वाजता, परवा दीड. तिचे वडील कंदील घेऊन रात्री मानशीवर जायचे, जाळं लावायला. वडील गेले, बांध फुटला, शेतात आता खारफुटी वाढलीय आणि कवितेत मधेच एक ओळ येते, 'ओहोटीला मानस उघडते'. बस, पुढे काही समजावलेलं नाही.

तुमचे गोव्यातले वाचक जाणतात, पण बाहेरच्या कुणी हे वाचलं तर सांगते. नदीकाठची खारी जमीन बांध घालून शेतीखाली आणली की तिला खाजन म्हणतात, आणि त्या बांधात पाणी आतबाहेर करायला लाकडी दारं असतात ती मानस. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्याच दाबाने दारं मिटतात आणि खारं पाणी शेतात शिरत नाही, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात आणि शेतातलं जास्तीचं पाणी निघून जातं. त्या पाण्यासोबत जाणारी मासळी धरायला तोंडाशी जाळं लावतात, त्या मासळीच्या हक्काची पावणी म्हणजे लिलाव होतो, त्यावर गावात भांडणंही होतात. आणि ओहोटीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. म्हणून ती मुलगी रोज उशिरा जागी होते! शेत गेलं, वडील गेले, पण अंगातलं ते घड्याळ अजून नदीवर चालू आहे. मला हे कळलं तेव्हा मी मोबाइल बाजूला ठेवून स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्याले. मी दहापैकी दहा दिले, चार वर्षांत पहिल्यांदा. डिचोलीच्यांनी नऊ दिले.

बाकी तिघांचे मार्क आले चार, तीन, तीन.

पुण्याच्या सरांनी शेजारच्या खान्यात शेरा लिहिला होता, निद्रानाशाची नेहमीची कविता, 'मानस उघडते' ही ओळ फार आध्यात्मिक होते. त्यांनी मानस म्हणजे मन वाचलं होतं. आणि त्यांचा दोष तरी काय म्हणणार, पुण्यात मानस म्हणजे मनच, आणि बघा योगायोग, आमची ती मानस उघडते आणि त्यांचं ते मानस उघडते, क्रियापद दोन्हीकडे तेच, त्यामुळे अडखळायलाही जागा नाही. ओळ त्यांच्या डोळ्यांसमोरून सरळ सरकत गेली. बेरीज झाली एकोणतीस. त्याच वेळी आईच्या हातांवरची एक दुसरी कविता होती, तिला सात, सात, सात, सहा, सात, म्हणजे चौतीस. ती कविता वाईट नव्हती, मीच तिला सात दिले होते. पण ती कुणालाच खटकली नाही आणि कुणाला रात्री आठवलीही नसणार, निदान मला तरी नाही आठवली. ती यादीत लागली आणि मानशीची कविता राहिली.

मी सरांना फोन केला. रविवार होता, तिकडे कुकरची शिट्टी ऐकू येत होती. मी मानस म्हणजे काय ते सांगितलं, भरती-ओहोटी सांगितली, मग म्हटलं आता एकदा मोठ्याने वाचा. त्यांनी वाचली. मधे थांबले, परत वरून वाचली, आणि मग बराच वेळ काही बोललेच नाहीत. नंतर म्हणाले, 'मॅडम, मी आठ देईन आता.' तीनचे आठ झाले असते तर बेरीज बरोब्बर चौतीस, त्या दुसरीच्या बरोबरीने. पण यादी आदल्या रात्रीच लागली होती आणि लागलेली यादी बदलायची नाही असा आमचाच नियम.

मग ते म्हणाले पण वाचकाला हे कळणार कसं, तिला खाली टीप द्यायला सांगायला हवं होतं. यावर आमचा चांगला अर्धा तास वाद झाला. मी त्यांना म्हटलं सर, हुरडा मी पहिल्यांदा खाल्ला तो वयाच्या चौतिसाव्या वर्षी, नणंदेच्या घरी सोलापूरकडे गेलो होतो तेव्हा. त्याआधी कितीतरी वर्षं मी मराठी कथांत हुरडा वाचत होते आणि वर्गात मुलांना शिकवतही होते, मोट, पेव, गुऱ्हाळ हे सगळं तसंच. कधी कुणी आमच्यासाठी खाली टीप दिली नाही आणि आम्ही मागितलीही नाही, कळलं नाही तर कुणाला तरी विचारलं, नाहीतर पुढच्या वाक्यावरून अंदाज बांधला. मग आमची मानस आली की लगेच टीप का लागते? सरांनी हे मान्य केलं, तो मोठेपणा त्यांच्यात आहे. आणि मी आणखी एक विचारलं, त्याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं, माझ्याकडेही नाही. हीच ओळ एखाद्या मोठ्या नावाखाली असती तर तुम्ही थांबला नसता का? शब्दकोश काढला असता, कुणाला तरी फोन लावला असता. मोठ्या माणसाची ओळ कळली नाही तर आपण म्हणतो मला कळली नाही, नवख्याची कळली नाही तर म्हणतो ओळ फसलीय.

तर मला म्हणायचंय ते हे, की आवडीची बेरीज करू नका. पाच माणसांना थोडं थोडं बरं वाटलेलं आणि एका माणसाला झपाटून टाकलेलं यात बेरीज नेहमी पहिल्यालाच पुढे काढते, गणितच तसं आहे, त्यात कुणाचा डाव असावाच लागत नाही. अंक कसा चालवायचा, काय छापायचं, हे पाच जणांनी मिळून ठरवावं, तिथं मार्कही ठीक. पण 'संपादकांना आवडलेलं' असं म्हणून यादी लावायची तर आवड ही माणसाची असते, कमिटीची नसते. प्रत्येक संपादकाने दोन निवडाव्यात, खाली स्वतःचं नाव लिहावं आणि का आवडली ते लिहावं, कवितेतली ओळ दाखवून लिहावं. पाच जणांच्या दहा होतात. बाकी चौघांना ती कविता पसंत नसली तरी चालेल, त्यांनी आपापल्या दोन निवडाव्या.

अमेरिकेत पुशकार्ट प्राइझ म्हणून १९७६ पासून दरवर्षी एक संग्रह निघतो, छोट्या अंकांतून आलेल्या साहित्याचा. त्यासाठी छोट्या मासिकाच्या संपादकाला वर्षभरात छापलेल्यातल्या जास्तीत जास्त सहा गोष्टी सुचवता येतात, ऑनलाइन अंकांनाही. मला तो सहाचा आकडा फार आवडतो. सगळ्यांची मनं राखायला सहा पुरत नाहीत, त्यामुळे आपल्याला खरंच कशाची बाजू घ्यायचीय हे ठरवावंच लागतं. आमच्या यादीत पहिल्या वर्षी दहा होत्या, मग बारा झाल्या, आणि 'विशेष उल्लेख' म्हणून आणखी आठ. अमके नाराज होतील, तमक्यांचं पहिलंच वर्ष आहे, असं करत करत ती यादी लग्नाच्या आमंत्रणांसारखी वाढत गेली.

आणि लांब कशाला जायचं, आपल्याकडे काय कमी आहे. १९०९ मधे का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तिथून आपल्याकडे दिवाळी अंकांची परंपरा, आणि आजही जाणते वाचक अंक घेताना संपादक कोण ते आधी बघतात. 'सत्यकथा' मासिक १९८२ मधे बंद पडलं पण त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना कथेबद्दल कशी सविस्तर पत्रं लिहायचे, कुठं काय सैल पडतंय ते कसं सांगायचे, हे जुने लेखक अजून सांगतात. त्यांची आवड सगळ्यांना पटायची असं मुळीच नाही, १९६९ मधे तर नव्या लेखकांनी 'सत्यकथे'चा अंक जाळला होता. पण बघा, जाळायला तरी समोर काहीतरी होतं, ही आवड कुणाची आहे, ती कशाला हो म्हणते आणि कशाला नाही म्हणते हे सगळ्यांना माहीत होतं म्हणूनच तिच्याशी भांडता आलं. आमच्या एकोणतीस आणि चौतीसशी कोण कसा भांडणार? पेडण्याच्या त्या कवीला संशय घेण्याशिवाय आम्ही दुसरं काही ठेवलेलंच नाही.

आपल्याकडे भजनी स्पर्धा होतात, कला अकादमीची तर गोवाभर गाजते. परीक्षक पुढे बसतात आणि मागे सगळं गाव बसतं. निकाल लागला की गाडीत बसेपर्यंत लोक वाद घालत असतात, अमक्या पथकाची गौळण चढली होती, तमक्यांचा पखवाज पडला, परीक्षकांना ऐकूच आलं नाही वगैरे वगैरे. हा वाद मला फार चांगला वाटतो, कारण परीक्षकाने जे ऐकलं तेच सगळ्यांनी ऐकलेलं असतं, निकाल चुकला असं वाटलं तर कुठं चुकला हे एखादी म्हातारी पण बोट ठेवून सांगू शकते. आमच्या अंकाची यादी लागते तेव्हा खाली काय येतं, तर 'अभिनंदन', 'खूप छान', हात जोडलेले आणि फुलं. वाद नाही, कारण वाद घालायला आम्ही काही दिलेलंच नसतं.

ऐकण्यावरून आठवलं. आमच्या शेजारच्या बोरीचे बाकीबाब, म्हणजे बा. भ. बोरकर, आपल्या कविता गाऊन म्हणायचे, ज्यांनी ऐकल्या त्यांच्या त्या कानातनं अजून गेलेल्या नाहीत. आणि आम्ही कविता वाचतो कशी, तर मोबाइलवर, बसमधे नाहीतर रात्री अंथरुणात, बोटाने वर सरकवत. स्क्रीन अरुंद म्हणून लांब ओळ मधेच मोडते आणि कवीने जिथं श्वास घेतला तिथं न मोडता भलतीकडेच मोडते. गेल्या जूनमधे एका मीटिंगला फोंड्यात दिवे गेले, पाऊस असा की बोलणं ऐकू येईना, माझ्या मोबाइलची बॅटरी संपत आलेली म्हणून बेळगावच्या ताई म्हणाल्या तुम्ही स्क्रीन बंद करा, मी वाचते. एक कथा होती, मी तिला 'नको' लिहून ठेवलं होतं, फार संथ म्हणून. ताईंनी ती वाचली आणि अंधारात बसून ऐकताना लक्षात आलं की त्यातली म्हातारी प्रत्येक वाक्याला 'मगे' म्हणते आणि शेवटच्या पानावर ती म्हणायची थांबते. वाचताना ते 'मगे' माझ्या डोळ्यांना नुसतं अडगळ वाटलं होतं. म्हणून आता मी हट्टच धरलाय की यादीसाठी जे जे पुढे येईल ते एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. वेळ जातो. जाऊ दे.

काही जण सुचवतात की संपादकांनी निवडूच नये, वाचकांची मतं घ्या, ज्याला जास्त लाइक तो पुढे. आम्ही एक वर्ष ते पण केलं. लिंक फॅमिली ग्रुपवर गेली, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर गेली, एका कवीच्या अख्ख्या ऑफिसने मत दिलं, आणि ज्याचा गोतावळा मोठा त्याची कविता वर. त्यातल्या किती जणांनी बाकीच्या कविता उघडून तरी बघितल्या असतील देव जाणे. अखिल भारतीय संमेलनाच्या अध्यक्षपदाची निवडणूकसुद्धा महामंडळाने २०१८ मधे बंद केली आणि यवतमाळच्या संमेलनासाठी अरुणा ढेरे यांची एकमताने निवड केली, तेव्हा लोकांना किती हायसं वाटलं होतं. मतदान पंचायतीला ठीक आहे, कवितेला नाही.

आता कुणी म्हणेल की एकेकाला आपापली निवड करू दिली तर मग वशिला आणखीच वाढेल. मला नाही तसं वाटत. बेरजेत वशिला लपतो. माझे ते नऊ मार्क चार जणांच्या मार्कांत मिसळून गेले, कुणाला दिसले तरी का? त्याऐवजी बाईंच्या कथेखाली माझं नाव आणि दोन परिच्छेद लिहायची वेळ आली असती तर मला पहिलं वाक्य हेच लिहावं लागलं असतं की या माझ्या शाळेतल्या सहकारी आहेत. आणि ते लिहायला हात धजला नसता तर मी दुसरी कथा निवडली असती. नाव खाली यायचं म्हटलं की माणूस आपोआप दहा वेळा विचार करतो. फक्त त्या दोन परिच्छेदांत 'भावस्पर्शी', 'वास्तववादी', 'मनाला भिडणारी' असले शब्द चालवून घेऊ नयेत, कारण हे शब्द कुठल्याही कवितेखाली चिकटवता येतात. कुठली ओळ, कुठला शब्द, कुठं थांबायला झालं ते सांगा. आम्ही वर्गात मुलांना रसग्रहणात हेच सांगतो आणि न लिहिल्यास मार्क कापतो.

त्या पेडण्याच्या कवीने आणखी एक लिहिलं होतं, की त्याची कविता परत आली तेव्हा एकच ओळ होती, 'सध्या स्वीकारता येत नाही, क्षमस्व'. ती ओळ आम्हीही पाठवतो. शेकड्याने मेल येतात, प्रत्येकाला सविस्तर लिहिणं पाच नोकरदार माणसांना शक्य नाही हे खरं आहे, पण अगदी शेवटपर्यंत पोचून राहिलेल्या दहा-पंधरा जणांना तरी लिहिता येतं. मी गेल्या वर्षी लिहिलं, दुपारच्या झोपेच्या वेळात, चार-पाच रविवार गेले. एकजण रागावला, तुम्हाला कविता कळत नाही म्हणाला. एका गृहस्थांनी तीच कथा सुधारून परत पाठवली आणि ती आम्ही घेतली. बाकीच्यांचं काहीच उत्तर नाही, पण वाचलं असेलच.

यंदाच्या डिसेंबरची यादी कशी करायची यावर आमची चर्चा चालू आहे. मी माझं म्हणणं लेखी दिलंय. पुण्याचे सर माझ्या बाजूने आहेत, डिचोलीचे आहेत, सावंतवाडीच्या सरांना वाटतं की नावं खाली आली तर उद्या लोक घरी येऊन भांडतील, आणि त्यांचं गाव लहान आहे, त्यांची भीती अगदीच खोटी नाही. बेळगावच्या ताई विचार करतायत. ठरलं तर कळवेन.

तुमच्याकडेही एक मागणं आहे. आपल्या पेपराच्या दिवाळी अंकाच्या कथास्पर्धेचा निकाल दरवर्षी येतो, पहिला, दुसरा, तिसरा, उत्तेजनार्थ, आणि प्रत्येकाचा पासपोर्ट फोटो. परीक्षकांचं नाव शेवटी एका ओळीत असतं. यावर्षी त्या फोटोंच्या जागी परीक्षकांच्या चार-चार ओळी छापा ना, पहिल्या कथेत काय सापडलं आणि दुसरी मागे का राहिली. जागा तेवढीच लागेल.

आणि शेवटचं, हे जरा खाजगी आहे पण माझ्याकडे दुसरा मार्ग नाही. शिरोड्याच्या त्या मुलीने नंतर काही पाठवलं नाही. मी तिला दोन मेल केले, उत्तर आलं नाही, मेल बदलला असेल किंवा बघत नसेल. तुमचा पेपर शिरोड्यात जातो, वास्कोतही जातो, म्हणून इथं लिहिते. बाय, तुझी कविता यादीत लागली नाही ती बेरजेमुळे. यंदा माझ्या दोन निवडींत जुनी कविता घेता आली तर मी तीच घेणार आहे आणि खाली माझं नाव घालणार आहे. नवीन काही लिहिलं असशील तर पाठव. आणि मानस या शब्दाखाली टीप देऊ नको.

आपली,
एक वाचक, फोंडा